चार वर्षांचा अनुभव आणि एकही कागद नाही : रुग्णसेवेतल्या एका बाईचं प्रकरण

पुण्यात घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या एका बाईची ही हकिगत. तिला इथे सुनंदा म्हटलं आहे. नाव खरं नाही. घरांचे आणि दवाखान्यांचे तपशीलही गाळले आहेत. पगाराचे आकडे मात्र तिने सांगितले तसेच ठेवले आहेत. कामकरी बायकांना रोजगाराबद्दल सल्ला देणाऱ्या आमच्या केंद्रात ती जुलै २०२३ मध्ये पहिल्यांदा आली आणि पुढची दोन वर्षं येत राहिली.

आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बायकांना ‘शिका, पुढे जा’ असं सगळेच सांगतात. पण या कामात पुढची पायरी चढायची तर आधी मिळकत कमी होते, आणि ती तूट कुठून भरायची हे कुणी सांगत नाही. सुनंदाचे त्या दोन वर्षांतले जवळपास सगळे निर्णय या तुटीशी बांधलेले होते. प्रकरण त्यासाठी लिहून काढलं आहे.

पार्श्वभूमी

सुनंदा लातूर जिल्ह्यातली. २००७ मध्ये दहावी पास झाली, दोन वर्षांनी लग्न, मग दोन मुलं. नवरा २०१८ मध्ये अपघातात गेला. दीड एकर कोरडवाहू जमीन दिराच्या ताब्यात. २०१९ च्या दिवाळीनंतर मुलांना आईकडे ठेवून ती गावातल्याच एका वहिनीबरोबर पुण्याला आली. ती वहिनी ‘पेशंटचं काम’ करायची. तिनेच सुनंदाला ब्युरोत नेलं.

ज्यांचा ब्युरोशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. घरी आजारी किंवा म्हातारं माणूस असलं की घरचे लोक ब्युरोला फोन करतात, ब्युरो बाई पाठवतो. दिवसपाळी, रात्रपाळी किंवा चोवीस तास अशी ड्युटी ठरते. पेशंटच्या घराला ‘केस’ म्हणतात. घरचे पैसे ब्युरोला देतात, ब्युरो आपला वाटा ठेवून उरलेले बाईला देतो. सुरुवातीचा पंधरा दिवसांचा पगार ‘डिपॉझिट’ म्हणून अडकवून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. नेमणूकपत्र, पगाराची पावती, यांतलं काही नसतं. पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि बाई पिशवी उचलून निघते.

सुनंदाने पहिल्यापासून चोवीस तासांच्या केस घेतल्या. कारण साधं होतं. राहायची सोय होते, दोन वेळचं जेवण मिळतं आणि पगार जवळपास सगळाच्या सगळा गावी जातो. २०२३ मध्ये तिला महिना १८,००० मिळत होते आणि त्यातले १४-१५ हजार ती आईला पाठवत होती. आम्ही तिच्याबरोबर बसून भागाकार केला तेव्हा दिवसाचे ६०० आणि तासाचे २५ रुपये निघाले. त्या घराकडून ब्युरो २४,००० घेत होता, हे तिला पेशंटच्या सुनेकडून कळलं.

काम ती करता करता शिकली. पहिल्या केसमध्ये एका रिलीव्हर (सुट्टीच्या दिवशी बदलीवर येणाऱ्या) बाईने तिला अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर त्याला न उचलता कशी बदलायची ते दाखवलं. अर्धांगवायू झालेल्या पेशंटला सदरा चढवताना आधी लुळ्या हाताची बाही घालायची आणि काढताना तीच शेवटी काढायची, हे एका फिजिओथेरपिस्टने सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा आणि खवाट्यांवर कातडी लालसर दिसली तर ती चोळायची नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकवायची पण जमिनीला टेकू द्यायची नाही. नळीतून पातळ खाणं देताना उशाकडची बाजू वर करायची आणि दिल्यावरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची. हे सगळं तिला यायचं, आणि का करायचं हेही ती सांगू शकायची. एका आजींना पहाटे दरदरून घाम फुटला आणि त्या असंबद्ध बोलायला लागल्या, तेव्हा घरच्यांना उठवून साखर तपासायला लावणारी तीच होती. साखर खाली गेली होती.

ही कौशल्यं खरी होती, पण ती कुठेच नोंदलेली नव्हती. कोविडच्या काळात तर ती एका घरात कित्येक महिने बाहेरसुद्धा न पडता राहिली. त्या कामाचीही खूण फक्त तिच्या फोनमधल्या काही मेसेजमध्ये होती.

अडचण

जुलै २०२३ मधली शेवटची केस ७८ वर्षांच्या एका आजींची. पक्षाघातानंतर गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातलेली. औषधंही त्याच नळीतून. एका रात्री अकराच्या सुमारास आजींनी नळी ओढून काढली. रात्रीचं झटक्यांचं औषध द्यायचं राहिलं होतं.

घरी मुलगा आणि सून. रात्री सिस्टरला घरी बोलावायचं तर वेगळी फी आणि ती लगेच मिळेल याची खात्री नाही. दवाखान्यात न्यायचं तर अ‍ॅम्ब्युलन्स. मुलगा म्हणाला, “मावशी, तुम्ही इतक्या वेळा बघितलंय. तुम्हीच घाला ना.” सुनंदाने नळी घालताना खरोखरच अनेकदा पाहिलं होतं. एका केसमध्ये सिस्टरच्या देखरेखीखाली तिने हात लावूनही पाहिला होता. तरी ती नाही म्हणाली.

हा पहिला निर्णय आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा. नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. पक्षाघाताच्या पेशंटला अशा वेळी ठसका येईलच असं नाही, त्यामुळे चूक लगेच कळतही नाही. मग त्या नळीतून दिलेलं पाणी किंवा औषध थेट फुप्फुसात जातं. नळी घालणं आणि ती जागेवर आहे याची खात्री करणं हे प्रशिक्षित परिचारिकेचं किंवा डॉक्टरांचं काम आहे. सुनंदाला शास्त्र या शब्दांत मांडता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, “चुकलं तर आजी जातील आणि नाव माझं लागेल.”

मुलाच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. औषध चुकलं तर झटका येईल ही त्याची भीती खरी होती. पण त्या रात्री कुणीच डॉक्टरांना फोन करून ‘हे एक औषध सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का, की दुसऱ्या मार्गाने द्यावं लागेल’ असं विचारलं नाही. वाद फक्त बाई नळी घालते की नाही यावरच अडून राहिला. सकाळी सिस्टर आली, नळी घातली गेली, आजी ठीक राहिल्या. दुपारी ब्युरोचा फोन आला : पार्टीला बाई बदलून हवी आहे, सामान घेऊन निघा. डिपॉझिटचे ९,००० ब्युरोने ‘केस अर्धवट सोडली’ म्हणून रोखले.

चोवीस तासांची बाई केस गेली की त्याच दिवशी बेघर होते. त्या रात्री सुनंदा वहिनीच्या कॉटवर निजली आणि दोन दिवसांनी आमच्याकडे आली. तिचा प्रश्न होता, “दुसरा चांगला ब्युरो सांगाल का?”

समोरचे पर्याय

दुसरा ब्युरो हा पर्याय खराच होता. आठवडाभरात केस मिळाली असती. पण पुन्हा तेच चोवीस तास, तेच डिपॉझिट, आणि ‘नाही’ म्हटलं की पुन्हा पिशवी उचलून रस्त्यावर.

ब्युरो टाळून थेट केस घ्यायची तर २२ हजारांपर्यंत मिळाले असते. आधीच्या एका कुटुंबाने तसं विचारलंही होतं. पण त्यात आजी-आजोबा वारले की काम संपतं, आणि नवीन काम मिळायला मधे किती दिवस जातील ते सांगता येत नाही. शिवाय घरात काही वावगं घडलं तर मधे पडायला कुणी नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे आणि घरी काम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. ही माहिती आम्ही येणाऱ्या प्रत्येकीला देतो. पण एकटी, परगावची बाई तक्रारीआधी ते घर सोडण्याचाच विचार करते, हेही खरं आहे.

तिसरा पर्याय तिनेच आणला. वहिनीच्या खोलीजवळ एका गाळ्यात ‘नर्सिंग कोर्स, सहा महिने, नोकरीची हमी’ अशी पाटी होती. फी ४५,०००, हप्त्याने. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र ‘सरकारमान्य नर्सचं’, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. यावर आम्ही थोडे कठोर झालो. परिचारिका म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतिसेवेची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांचीच होते. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. अशा ठिकाणी पैसे भरून नंतर रडत आलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या हातातल्या कागदाकडे दवाखाने बघतही नाहीत.

खरा रस्ता एएनएमचा, दोन वर्षांचा. त्याला बारावी लागते, शाखा कुठलीही चालते, आणि वयाची मर्यादा ३५. सुनंदा तेव्हा ३२ वर्षांची होती. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी करायची, मग प्रवेश, मग दोन वर्षं कमाई नाही. हिशेब मांडल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. “पोरं दोन वर्षं काय खातील?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

परदेशाची गोष्टही निघाली. वहिनीच्या खोलीतल्या एकीचा ओळखीचा एजंट कुवेतला ‘आजी सांभाळायला’ पाठवत होता आणि दीड लाख मागत होता. अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. एक, एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का. दोन, तो किती पैसे मागतो. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. हा एजंट पोर्टलवर नव्हता. विषय तिथेच संपला.

राहिला शेवटचा पर्याय. एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात रुग्णसहायकांचा सहा महिन्यांचा वर्ग चालायचा. दहावी पास चालायची, फी नाममात्र, वॉर्डात काम करत शिकायचं आणि महिना ६,००० विद्यावेतन. शेवटी हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ या कामासाठीची परीक्षा, आणि पास होणाऱ्यांना त्याच रुग्णालयात कंत्राटी नोकरी मिळण्याची चांगली शक्यता. त्या नोकरीचा पगार १२,५००.

इथे सुनंदा अडली, आणि तिचं अडणं अगदी बरोबर होतं. चार वर्षं काम केलेल्या बाईने आधी सहा महिने ६,००० वर राहायचं आणि मग अठरा हजारांऐवजी साडेबारा हजार घ्यायचे. तेही खोली आणि जेवण स्वतःच्या पैशाने. तासाचा हिशेब केला तर वॉर्डातले आठ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरून साधारण ६० रुपये पडतात, म्हणजे घरच्या केसच्या दुपटीहून जास्त. पण गावी पैसे तासावर जात नाहीत, महिन्यावर जातात. या कामातल्या हजारो बायका याच हिशेबापाशी थांबतात, आणि मग आपण त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असं म्हणतो.

काय केलं

आधी डिपॉझिट. सुनंदाकडे करार नव्हता, पण फोन होता. ब्युरोने पाठवलेले पत्ते, ‘उद्यापासून या केसवर जा’ असे मेसेज, खात्यावर जमा झालेले पगार, हे सगळं तारखेनुसार लावून आम्ही छापून घेतलं आणि सोबत एक पत्र लिहिलं : केस तिने सोडलेली नाही, तिला काढलं आहे; रक्कम मिळाली नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करू. दोन आठवड्यांनी ९,००० पैकी ७,००० आले. उरलेल्या दोन हजारांसाठी भांडायचं का, असं आम्ही तिला विचारलं. ती नको म्हणाली. ब्युरोवाले एकमेकांना ओळखतात आणि तिची वहिनी अजून तिथेच काम करत होती.

मग तूट भरायची तजवीज. गावी आई आणि दोन मुलांना महिन्याला सात हजार लागत होते. त्याच्या खाली जाता येत नव्हतं. आई ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात होती. गटाने ३०,००० कर्ज दिलं. सुनंदाने रुग्णालयाजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका कॉटपुरती, महिना २,५०० ची जागा घेतली. दुपारचं जेवण रुग्णालयात मिळायचं. रविवारी ती बारा तासांच्या रिलीव्हर ड्युटीवर जायची, दिवसाचे ७००. ही ड्युटी तिने त्याच वहिनीच्या केसवर घेतली, म्हणजे वहिनीलाही आठवड्याची सुट्टी मिळाली.

आणखी एक अर्ज केला, बालसंगोपन योजनेचा. वडील नसलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाकडून दर मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती आणि ही योजना तिला कुणी सांगितली नव्हती. मृत्यूचा दाखला, मुलांचे शाळेचे बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, गृहभेट, बालकल्याण समितीपुढे हजेरी, या सगळ्यासाठी तिच्या आईला लातूरला वाऱ्या कराव्या लागल्या. मंजुरीला आठ महिने गेले. म्हणजे वर्ग संपल्यावर पैसे सुरू झाले. ज्या काळासाठी ते हवे होते तो काळ कर्जावरच निघाला.

तिसरं काम जरा नाजूक होतं : आधीच्या घरांकडून पत्र मागणं. सुनंदाला ते लाजिरवाणं वाटत होतं. “त्यांनी पगार दिला, आता अजून काय मागायचं?” शेवटच्या केसच्या मुलाने फोनच उचलला नाही. दुसऱ्या एका घरी आजोबा वारले होते. तिथल्या लेकीने मात्र स्वतःहून पानभर लिहून दिलं. अकरा महिने वडील अंथरुणाला खिळून होते आणि एकही जखम झाली नाही. दर दोन तासांची कूस, पाणी किती प्याले, लघवी किती झाली, हे ताई वहीत लिहून ठेवायच्या. रुग्णालयाच्या मेट्रननी (मुख्य परिचारिकेने) ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “ती वही आहे का?” नव्हती. पत्रावर मात्र प्रवेश झाला.

सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ वर्ग. सुनंदाला हातकामात अडचण नव्हती, लिहिण्यात होती. तापमान, नाडी, बीपी, ऑक्सिजन तक्त्यात भरायचं, पाळी संपताना पुढच्या बाईला हँडओव्हर द्यायचा, काही बिघडलं तर कुणाला, कधी आणि काय सांगितलं ते वेळेसकट नोंदवायचं. वॉर्डातल्या सिस्टर याबाबतीत कडक होत्या. रोज रात्री कॉटवर बसून ती दिवसाचा हँडओव्हर वहीत पुन्हा लिहून काढायची. परीक्षा ती पहिल्याच वेळी पास झाली आणि मार्च २०२४ पासून १२,५०० वर लागली.

पहिली पगाराची पावती घेऊन ती वैतागून आली. १२,५०० सांगितले आणि हातात १०,९०६ आले. पीएफचे (भविष्यनिर्वाह निधीचे) १,५०० आणि ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ९४ कापले होते. तेवढाच पीएफ मालकही भरतो, ईएसआयसीत मालकाचा वाटा तिच्या वाट्याहून कितीतरी मोठा असतो, आणि त्या कार्डावर मुलांचे व अवलंबून असलेल्या आईचेही उपचार होतात, हे समजावून सांगितल्यावर ती शांत झाली. पटलं मात्र पुढच्या पावसाळ्यात, आईच्या आजारपणात, ते कार्ड वापरल्यावर. त्याच सुमाराला, जुलै २०२४ पासून, लाडकी बहीण योजनेचे १,५०० सुरू झाले. त्यातून कॉटच्या भाड्यातला बराचसा भाग निघू लागला.

काय झालं

सुनंदा वॉर्डात १४ महिने राहिली. मधे, नोव्हेंबर २०२४ मध्ये, एका होमकेअर कंपनीकडून चोवीस तासांच्या केससाठी महिना २१,००० पगाराची विचारणा आली. बचत गटाचं कर्ज तेव्हा फिटायचं होतं. आम्ही बाजू-विरोध मांडले आणि निर्णय तिच्यावर सोडला. ती थांबली. वर्षभराच्या आत सोडलं असतं तर रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे अनुभवपत्र मिळालं नसतं.

जून २०२५ मध्ये ती पुण्याजवळच्या एका वृद्धनिवासात लागली. पगार १९,५००, पीएफ, आठवड्याची सुट्टी, आवारातच दोघींत एक खोली. रात्रीच्या पाळीत १४ आजी-आजोबा आणि दोन मदतनीस तिच्याकडे असतात. फोनवर परिचारिका उपलब्ध असते. मुलाखतीत तिला एका काल्पनिक पेशंटचा हँडओव्हर लिहून दाखवायला सांगितला होता. प्रमाणपत्र त्यांनी शेवटी, फाइल करताना मागितलं.

बारावीची गोष्ट इतकी सरळ झाली नाही. १७ नंबरचा फॉर्म तिने २०२४ मध्ये भरला, फेब्रुवारी २०२५ ची परीक्षा पाळ्या सांभाळून दिली, इंग्रजीत राहिली आणि त्याच वर्षीच्या पुरवणी परीक्षेत सुटली. पण तोवर ती ३४ वर्षांची झाली होती, मोठा मुलगा नववीत होता, आणि दोन वर्षं बिनपगारी राहणं पूर्वीइतकंच अशक्य होतं. एएनएम करायचं नाही असं तिने ठरवलं. मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवायचं कारण नाही. ही बाई उत्तम परिचारिका झाली असती.

वेगळं काय करता आलं असतं

बारावीचा फॉर्म २०२३ मध्येच, रुग्णसहायकाच्या वर्गाबरोबर भरायला हवा होता. त्या वर्षी परीक्षा दिली असती आणि इंग्रजी राहिलंही असतं, तरी ३३ व्या वर्षी एएनएमचा दरवाजा उघडा राहिला असता. तेव्हा एएनएम अशक्य वाटत होतं म्हणून बारावीही मागे पडली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फॉर्म भरायला नोकरी सोडावी लागत नाही. तिशीच्या पुढच्या बाईने एएनएम करायचं की नाही हे नंतर ठरवावं, बारावी मात्र लगेच करून टाकावी.

कामाची वही पहिल्या केसपासून ठेवायला हवी होती. आता आम्ही प्रत्येकीला एक साधी दोनशेपानी वही देतो. पेशंटचं नाव लिहायचं नाही. केस कधी सुरू झाली, कधी संपली, आजार काय, आपण काय काय करत होतो, शेवटी घरच्यांची सही. चार ओळी पुरतात. पत्र केस संपल्यावर महिन्याभरात मागावं, कारण नंतर घरं बदलतात, फोन नंबर बदलतात आणि माणसं दुःखातून बाहेर आलेली असतात, ती आठवण पुन्हा उकरायला नको म्हणतात.

बालसंगोपनचा अर्ज आम्ही तूट सुरू होताना केला. आठ महिने लागू शकतात हे धरून तो त्याच्या आधी करायला हवा. ज्या बाईचा नवरा वारला आहे किंवा सोडून गेला आहे, तिच्याशी बोलताना कोर्सच्या गप्पांआधी हा अर्ज भरून घ्यावा.

ब्युरोच्या डिपॉझिटबद्दल एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सुनंदाला पैसे मिळाले ते मेसेज जपून राहिले होते म्हणून. फोन हरवला असता तर काहीच हाती नव्हतं. घरच्या लोकांनी पगारातला निदान काही भाग थेट बाईच्या खात्यावर भरायचा आग्रह धरला, तर नोंद आपोआप राहते. काही कुटुंबं तसं करतात, आणि ब्युरोही मान्य करतात.

आणि ती रात्र. बाईने नळी घालायला नकार देणं ही त्या रात्रीची अडचण नव्हती. अकरा वाजता काय करायचं हे कुणीच आधी ठरवलेलं नव्हतं. ज्या घरी नळी, कॅथेटर (लघवीची नळी) किंवा ऑक्सिजन आहे तिथे केस सुरू होतानाच एक कागद भिंतीला लावता येतो : नळी निघाली तर कुणाला फोन, ती व्यक्ती आली नाही तर कुठला दवाखाना, कुठलं औषध चुकलं तर चालत नाही आणि मग डॉक्टरांचा नंबर कोणता. त्याच कागदावर मावशी काय करतील आणि काय करणार नाहीत तेही लिहावं आणि ब्युरोच्या माणसासमोर दोघांनी सही करावी. सुनंदा आता काम करते त्या वृद्धनिवासात असा कागद प्रत्येक खोलीत आहे. नवी मदतनीस आली की पहिल्या रात्री सुनंदा तिच्याकडून तो मोठ्याने वाचून घेते.